‘बघू’चा अर्थ मशीन शिकवेल का?

*काकू, नमस्कार. मी 27 वर्षांचा आहे. सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, पार्ट तपासतो. काम मला आवडतं. मला ऑटिझम आहे हे 2 वर्षांपूर्वी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. माझी अडचण जेवणाच्या सुट्टीत होते. गेल्या महिन्यात माझं नेहमीचं टेबल भरलेलं होतं म्हणून मी दुसऱ्या टेबलावर गेलो. तिथले एक सिनियर म्हणाले, “काय साहेब, आज इकडे कुठे वाट चुकलात?” मी म्हणालो, “वाट चुकलो नाही, कॅन्टीनला एकच दरवाजा आहे.” सगळे हसले. तेव्हापासून ते मला ‘दरवाजा’ म्हणतात. ते माझे मित्र आहेत की नाहीत हे मला कळत नाही. घरी आलो की मी तासभर अंधारात पडून राहतो.*

*आईने एका क्लिनिकची जाहिरात पाहिली. डोक्याला ओले स्पंज लावून मेंदूला सौम्य करंट देतात. 30 सिटिंग, 45,000 रुपये. गरज पडली तर पुढे चुंबकाचं मशीनही आहे. माहितीपत्रकावर ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त’ असं लिहिलं आहे. आईने 5,000 रुपये ॲडव्हान्स भरला. ती म्हणते, लग्नाआधी करून घेतलेलं बरं. वडील निफाडला शेती बघतात. ते म्हणाले, “बघू.” लहानपणी मला 2 वेळा फिट आली होती. क्लिनिकमध्ये त्याबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. मी हे करून घेऊ का? माणसांत कसं वागायचं ते यामुळे शिकता येतं का? हो किंवा नाही असं स्पष्ट लिहा. नाव छापू नका.*

स्पष्ट मागितलंस म्हणून आधी तेवढंच: नाही. पैसे भरून, या क्लिनिकमध्ये, आत्ता, नाही. पत्रात काकू म्हणालास म्हणून अरे-तुरे करते आहे, चालेल ना?

आता ‘का नाही’ हे सांगायला मला जरा जागा लागेल. मी डॉक्टर नाही. समुपदेशनात आयुष्य गेलं, डोक्याला लावायच्या यंत्रांबद्दल वाचत आले आणि ज्यांना त्यातलं कळतं त्यांना प्रश्न विचारत आले, तेवढ्यावर लिहिते.

पहिली गोष्ट फिटची. तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे आणि तू ते शेवटून सहावं टाकलंस. ऑटिझम असलेल्यांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. चुंबकाच्या मशीनमुळे फिट येणं तसं दुर्मीळ, पण ज्याला आधी आलेली आहे त्याच्या बाबतीत मेंदूविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. करंटच्या बाबतीतही तीच खबरदारी घेतात. फिटचा इतिहास, डोक्यात किंवा कानात बसवलेला धातू, चालू गोळ्या हे प्रश्न खुर्चीत बसवण्याआधी विचारायचे असतात. त्यांनी विचारलं नाही म्हणून तू सांगितलं नाहीस, यात तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी 5,000 घेतले त्यांचं चुकलं. फक्त यापुढे डॉक्टर कुठलाही असो, दाताचा का असेना, न विचारता सांगायचं: ‘मला लहानपणी 2 वेळा फिट आली होती.’ पाठ करून टाक.

आता मशीन काय करतं ते. स्पंजवाल्या मशीनला टीडीसीएस म्हणतात. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, त्यांच्या आत इलेक्ट्रोड, आणि 1 ते 2 मिलिअँपिअरचा प्रवाह साधारण 20 मिनिटं. तू आकड्यांत रमणारा आहेस म्हणून सांगते. मोबाइलच्या चार्जरवर 2 अँपिअर लिहिलेलं असतं, हा प्रवाह त्याचा हजारावा भाग. त्यातलाही बराचसा डोक्याच्या कातडीतूनच वळसा घालून निघून जातो, कवटी ओलांडून आत पोचतो तो थोडा. किती पोचतो ते प्रत्येकाच्या कवटीवर अवलंबून. मुंग्या येतात, खाज सुटते, कातडी लाल होते, कधी डोकं दुखतं. स्पंज वाळला तर चटकाही बसू शकतो. चुंबकाचं मशीन वेगळं, त्याला टीएमएस म्हणतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी ते 1985 साली दाखवलं. डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरतात, त्यात क्षणभर जोरदार वीज सोडतात, तिच्या चुंबकीय झटक्याने कवटीच्या आत प्रवाह तयार होतो. प्रत्येक झटक्याला टक्-टक् असा मोठा आवाज येतो, त्यासाठी कानात बोळे घालावे लागतात. आवाजाचा त्रास असेल तर हेही आधी माहीत असलेलं बरं. माहितीपत्रकावरच्या फोटोत तो टक्-टक् आवाज नसतो.

स्पंजच्या करंटने मेंदूतल्या पेशी पेटत नाहीत, म्हणजे आपापला संदेश सोडत नाहीत. पेटण्याच्या जरा जवळ येतात किंवा जरा लांब जातात, एवढंच. वडील निफाडचे शेतकरी आहेत, तर त्यांना विचार वाफसा म्हणजे काय. पाऊस पडून गेल्यावर रान ना चिखल ना ढेकूळ, पेरायला नेमकं तयार, अशी अवस्था. हे यंत्र फार तर वाफसा आणतं. पेरत नाही. वाफसा आला आणि बी पडलं नाही तर त्या रानात काय उगवतं ते वडील तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. म्हणूनच जिथे जिथे यावर नीट संशोधन चालतं तिथे करंट चालू असताना किंवा लगेच नंतर माणसाला काहीतरी शिकवतात: चेहरे ओळखायला, गोष्टीतल्या माणसाच्या मनात काय असेल ते सांगायला, संभाषण करायला. तुझ्या क्लिनिकमध्ये त्या 20 मिनिटांत काय करायचं असतं? पत्रात तू लिहिलं नाहीस. माझा अंदाज, मोबाइल बघायचा.

या संशोधनात काहीच सापडलेलं नाही असं मात्र नाही, नाहीतर तुझी आई म्हणेल काकूंनी एकांगी लिहिलं. उजव्या कानाच्या मागे थोडा वर मेंदूचा एक भाग आहे. समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अदमास घेताना तो कामाला लागतो. कपाळामागे मध्यभागी आणखी एक आहे. संशोधकांची मदार मुख्यतः या भागांवर आहे. ऑस्ट्रेलियात 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 28 प्रौढांच्या त्या मधल्या भागावर चुंबकाचं यंत्र वापरलं. साधारण अर्ध्यांना खरं, बाकीच्यांना खोटं, आणि कुणाला काय मिळालं हे त्यांना माहीत नव्हतं. ज्यांना खरं मिळालं त्यांनी महिन्यानंतर सांगितलं की माणसांशी संबंध ठेवताना अडचण कमी वाटते. आशा वाटावी असंच आहे हे. पण माणसं 28, आणि मोजमाप त्यांच्याच सांगण्यावर. बाकीचे बहुतेक अभ्यासही असेच लहान, प्रत्येकाने मेंदूची वेगळी जागा धरलेली, वेगळे दिवस, वेगळी परीक्षा. तू क्वालिटीचा माणूस. 28 पार्ट तपासून अख्खी बॅच पास करशील का?

खोटं यंत्र म्हणजे काय ते सांगते, कारण त्यात गंमत आहे. करंटच्या अभ्यासांत स्पंज तसेच लावतात, सुरुवातीला अर्धा मिनिट करंट सोडतात, मुंग्या आल्या की हळूच बंद करतात. माणूस 20 मिनिटं बसून राहतो आणि त्याला वाटतं चालूच आहे. अशा खोट्या गटातल्यांनाही बरं वाटतं, त्यांच्या घरच्यांनाही फरक दिसतो. ऑटिझमवरच्या चाचण्यांत हे वारंवार होतं. हसू नकोस, माझ्याही घरात आहे. गुडघ्यासाठी मी 3,000 रुपयांचा चुंबकाचा पट्टा घेतला होता. तीन आठवडे गुडघा अजिबात दुखला नाही, काळारामाच्या दर्शनाला चालत गेले. चौथ्या आठवड्यात पट्टा जिथे गेला तिथेच, माळ्यावर, व्यायामाची सायकल आधीपासून आहे.

परीक्षा काय असते तेही बघ. एका गाजलेल्या चाचणीत माणसांच्या फक्त डोळ्यांचे 36 फोटो असतात. प्रत्येकाखाली चार शब्द, त्यातला योग्य भाव निवडायचा. समज, करंट घेऊन तुझे त्यात चार गुण वाढले. कॅन्टीनमध्ये समोरचा माणूस फोटोसारखा स्थिर बसत नाही. तो घास घेत असतो, मोबाइल बघत असतो, आणि तेवढ्यात म्हणतो ‘वाट चुकलात का’. त्या वाक्याचा अर्थ डोळ्यांत लिहिलेला नसतो. तो मराठीत लिहिलेला असतो.

आणि मराठी ही या बाबतीत भलतीच खोडकर भाषा आहे. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दारातून चाललेल्याला ‘या जेवायला’ म्हणतो आणि तो खरंच आला तर धावपळ होते. ‘या एकदा घरी’ यात तारीख नसते. दुकान बंद करत नाहीत, ‘वाढवतात’. ‘मग काय, मजा आहे बुवा एका माणसाची’ यातला एक माणूस म्हणजे तूच. ‘बघू’ म्हणजे दहातल्या नऊ वेळा नाही. (वडिलांचं ‘बघू’ तेच होतं. तुझ्या आईने ते ‘हो’ धरलं की धरल्यासारखं केलं, ते तिचं तिला माहीत.) हे कुणी कुणाला शिकवत नाही. बाकीचे लोक येता-जाता इतरांचं बघून उचलतात, आणि मग त्यांना वाटतं की हे जन्मतःच येतं. तुला सांगावं लागतं. एकदा सांगितलं की तुला येतं. ‘येतो’ म्हणजे जातो हे तू कधीतरी शिकलाच असशील, आणि त्यासाठी करंट लागला नसेल.

‘वाट चुकलात’ चा अर्थ असा: ‘तू रोज इथे बसत नाहीस, आज आलास, बरं वाटलं, किंवा निदान दखल घेतली.’ माहिती विचारलेली नसते. उत्तर काहीही चालतं. ‘हो ना, आज तुमच्याकडचा ठेचा खायला आलो’ चालतं. नुसतं हसलं तरी चालतं. तुझं उत्तर, खरं सांगू का, मला फार आवडलं. एकच दरवाजा. तो सिनियर हजरजबाबी असता तर त्याने टाळी दिली असती.

ते मित्र आहेत का? लांबून मला सांगता येणार नाही. बघायच्या खुणा सांगते. ‘दरवाजा’ म्हणताना ते तुझ्याकडे बघून म्हणतात की एकमेकांकडे बघून? टेबलावर तुझ्यासाठी जागा सरकवतात का? तू एक दिवस आला नाहीस तर दुसऱ्या दिवशी कुणी विचारतं का? आणि सगळ्यात सोपी: ‘मला ते नाव आवडत नाही’ असं एकदा सांग. मित्र थांबतात. कधीकधी ओशाळून आणखी एकदा म्हणतात आणि मग थांबतात. जे त्यानंतर जास्तच म्हणू लागतात, ते नाहीत. हे टोपणनाव तुला आवडतही असेल, ते मला माहीत नाही. आवडत असेल तर राहू दे.

इथे एका माणसाची हकीकत सांगायला हवी. जॉन एल्डर रॉबिसन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ आहेत, स्वतः ऑटिझम असलेले. 2008 मध्ये बॉस्टनला अल्वारो पास्कुआल-लिऑने यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी चुंबकाच्या यंत्राच्या प्रयोगात भाग घेतला. त्यांनी स्वतः नंतर सांगितलंय की भावनांचा लोंढाच आला, इतरांच्या मनात काय आहे ते एकदम जाणवू लागलं. हे ऐकून कुणालाही वाटेल, मलाही हवं. पण त्यासोबत असंही झालं की ज्या जुन्या आठवणी त्यांना गोड वाटायच्या त्यांत लोक आपल्याला हसत होते हे दिसलं. बायकोचं नैराश्य त्यांना पेलवेना आणि लग्न मोडलं. एका माणसाचा अनुभव आहे, नियम नव्हे, आणि तो परिणामही पुढे ओसरला. मी हे तुला घाबरवायला सांगत नाही. आईला दाखवायला सांगते, कारण तिने मशीन आणि लग्न एका वाक्यात घातलंय.

त्याबद्दल दोन शब्द, आईंसाठी. वहिनी, 30 सिटिंगनंतर मुलगा ‘नॉर्मल’ झाला असं सांगून स्थळ बघणार असाल तर थांबा. लपवलेलं लग्नानंतर पंधरा दिवसांत बाहेर येतं, आणि मग मुलीकडचे फसवणूक म्हणतात ते चूक नसतं. ज्या मुलीला आधी सांगून पटलंय तिच्याशी त्याचं जमेल. घड्याळ लावून बोलणारा, शब्द पाळणारा, मनात एक आणि ओठांवर एक नसलेला नवरा हवा असणाऱ्या मुली आहेत. तुम्ही त्याच्यासाठी धावपळ करता ते त्याच्या पत्रात ओळीओळीत दिसतं. पण तो 27 वर्षांचा आहे. डोक्याला काय लावायचं ते त्याने ठरवायचं.

तर माहितीपत्रकावरची ती ओळ. ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त’ हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं फार कामाला येतं. औषधं आणि उपचाराची यंत्रं तपासणाऱ्या तिथल्या एफडीए या सरकारी संस्थेने चुंबकाच्या यंत्राला 2008 मध्ये परवानगी दिली ती नैराश्यासाठी. 2018 मध्ये ओसीडीसाठी, म्हणजे तेच ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजारासाठी. ऑटिझमसाठी यातल्या एकाही यंत्राला ती मिळालेली नाही. नैराश्य असेल, गोळ्यांनी उतरत नसेल आणि मानसोपचारतज्ज्ञ टीएमएस सुचवत असेल तर मी इतकी नाकं मुरडणार नाही. तुझा प्रश्न तो नाही.

मग या वाटेने जायचंच नाही का? जायचं असेल तर संशोधनात भाग घे. खऱ्या चाचणीत एथिक्स कमिटीची मंजुरी असते, सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिची नोंद असते, ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. संमतीचा कागद मराठीत मागता येतो, मधेच सोडून देता येतं. आणि प्रयोगासाठी तुझ्याकडून पैसे घेत नाहीत. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसं लिहिलेलं आहे. यावरून क्लिनिकला एकच प्रश्न विचारायचा: हा उपचार आहे की प्रयोग? उपचार असेल तर ऑटिझम असलेल्या प्रौढांवरचा पुरावा दाखवा. प्रयोग असेल तर 45,000 कसले?

शिकण्याचं म्हणशील तर, अमेरिकेत यूसीएलए या विद्यापीठात एलिझाबेथ लॉगसन यांनी पीअर्स नावाची पद्धत बसवली. तरुणांसाठी ती 16 आठवड्यांची आहे. गप्पांत शिरायचं कसं, चेष्टा झाली तर काय म्हणायचं, हे पायऱ्या-पायऱ्यांनी सांगतात, दर आठवड्याला गृहपाठ देतात आणि घरातलं कुणीतरी सोबतीला कोच म्हणून असतं. यामागचा पुरावा स्पंजपेक्षा बरा आहे. ती तशीच्या तशी इथे मिळेल असं नाही, पण एखादा समंजस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्या धर्तीवर तुझ्यासोबत काम करू शकतो. एक सावधगिरी मात्र ठेव. दिवसभर इतरांसारखं वागण्याचं नाटक वठवणं थकवतं. तो अंधारातला तास त्याचाच आहे. म्हणून सगळं शिकायला जाऊ नकोस. तुला जे हवं तेवढंच. तुला बहुधा एक टेबल हवंय, अख्खं कॅन्टीन नाही.

डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 2012 साली एक साधी गोष्ट मांडली. त्यांना स्वतःला ऑटिझम आहे. ते म्हणतात, गैरसमज दुतर्फा असतो. ऑटिझम असलेल्याला बाकीचे कळत नाहीत हे खरं, पण बाकीच्यांनाही तो कळत नाही, आणि शिकायला मात्र एकालाच पाठवतात. ऑटिझम असलेल्यांसाठी आपल्याकडे वापरतात तो ‘स्वमग्न’ हा शब्द मला त्याचमुळे पटत नाही. तू कुठे मग्न आहेस? तू महिनाभर त्या एका वाक्याचा विचार करतो आहेस. ते बोलणाऱ्याला ते आठवतही नसेल.

म्हणून कंपनीत एक माणूस निवड. पाच नको. शेजारच्या बाकावरचा, शांत, ज्याच्यासोबत तू कामाचं बोलतोस तो. त्याला सरळ सांग: ‘मला टोमणा आणि चेष्टा यांतला फरक पटकन कळत नाही. नंतर तुला विचारलं तर सांगशील का?’ बहुतेक माणसांना मदत मागितली की आवडतं, नाशिककर तर त्यानंतर मिसळही खायला घालतात. सुपरवायझरकडून सूचना लेखी मिळाव्यात, जेवायला कधी शांत जागा मिळावी, हे मागायलाही हरकत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढायचं की नाही हे तू सावकाश ठरव, घाई नाही.

एक काम मात्र या आठवड्यात कर. ॲडव्हान्सची पावती घे, आईला सोबत ने, आणि 5,000 परत माग. कारण लेखी दे: फिटचा इतिहास विचारला नाही. काउंटरवर ‘बघू’ म्हणाले, तर त्याचा अर्थ तुला आता माहीत आहे. तिथेच थांब आणि तारीख लिहून घे.